पप्पा वेदीपाशी का जात नव्हते

लग्नानंतर मी सासरच्या माणसांबरोबर चर्चला जायला लागले ते निव्वळ उत्सुकतेपोटी. मी बदलापूरची, मांजर्लीत वाढलेली. माझी आई संकष्टीचा उपास कधी न मोडणारी. नवरा ख्रिस्ती, अंबरनाथचा. आमचं लग्न रजिस्टर झालं आणि दोन्ही घरांनी थोडं रुसून, थोडं जेवून ते मान्य केलं. मला धर्म बदल असं कोणी म्हणालं नाही आणि मीही तो विषय काढला नाही. पण रविवारी सकाळी सगळं घर इस्त्रीचे कपडे घालून निघायचं आणि मी एकटी मागे उरायची, ते मला बरं वाटेना. म्हणून मीही तयार होऊन त्यांच्या रिक्षात बसायला लागले.

चर्चमध्ये मला सगळ्याचंच कुतूहल वाटायचं. गाणी मराठी, चाली ओळखीच्या, पेटी-तबलाही तोच. पण शब्द वेगळे असायचे. पापाची कबुली, पश्चात्ताप, क्षमा. हे शब्द तिथे दर रविवारी, अगदी रोजच्या भाजी-भाकरीसारखे ऐकू यायचे. आमच्या घरी माफी कोणी मागत नसे. भांडण झालं की दुसऱ्या दिवशी आई वडिलांच्या ताटात न मागता दही वाढायची, आणि वडील ते खायचे. तेवढ्यावर मिटायचं. इथे मात्र सगळी मंडळी उभी राहून, मोठ्याने, एका सुरात, आम्ही चुकलो असं म्हणायची आणि मग खाली बसून पुढचं गाणं काढायची. मला प्रश्न पडायचा, एवढं सोपं असतं का हे?

महिन्यातून एका रविवारी प्रभुभोजन असायचं. पाळकसाहेब, म्हणजे तिथले धर्मगुरू, भाकर मोडायचे, द्राक्षरसाचा प्याला उचलायचे, आणि एकेक रांग उठून वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकायला जायची. माझा बाप्तिस्मा झालेला नसल्यामुळे मी बाकावरच बसून राहायचे. आमची रांग उठली की सासूबाई, नवरा, बाकीचे सगळे माझ्या गुडघ्यांना चुकवत बाहेर पडायचे, आणि बाक मोकळा व्हायचा. पण पुरता नाही. दुसऱ्या टोकाला माझे सासरे बसलेले असायचे.

त्यांना आम्ही सगळे पप्पा म्हणतो. मूळचे नगरकडचे, अंबरनाथच्या एका कारखान्यात सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. उंच, कमी बोलणारे. कित्येक वर्षं त्यांनी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलं होतं. चर्चचे पंखे बिघडले तर हेच शिडीवर चढायचे. असा माणूस त्या एका वेळेला मात्र खाली मान घालून बसून राहायचा.

मी आधी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "गुडघे दुखतात गं त्यांचे. टेकवत नाहीत." पण घरी पप्पा गुडघ्यावर बसून माठ घासायचे. मग एकदा चपात्या लाटताना सासूबाईंना विचारलं. मम्मींनी तव्यावरची चपाती उलटली. मग म्हणाल्या, "मधल्या एका पाळकांशी त्यांचं बिनसलं होतं. तेव्हापासून असेल." पोळपाट बाजूला करून त्या पुन्हा म्हणाल्या, "खरं सांगू का, मलाही माहीत नाही. एकदा विचारलं तर दिवसभर जेवले नाहीत. मग मी सोडून दिलं."

संसाराची एवढी वर्षं झालेल्या बायकोला जे माहीत नाही ते मला कळणार नव्हतं. तरी मला राहवेना. पुढच्या प्रभुभोजनाला रांग उठून गेल्यावर मी बाकावरून सरकत सरकत त्यांच्याजवळ गेले आणि हळू आवाजात विचारलं, "पप्पा, मी बसते कारण मी तुमच्यातली नाही. तुम्ही का बसता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. म्हणाले, "मीही बहुतेक नाही." आणि पुढे पाहत राहिले.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

त्या थंडीत एका शनिवारी मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून आईकडे नेलं. येताना बदलापूरच्या बाजारात वालाच्या शेंगा घ्यायला थांबलो. आजूबाजूच्या गावांतली माणसं तिथे रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून आपल्या वावरातली भाजी विकायला बसतात. एका जोडप्यापुढे शेंगांचा ताजा ढीग होता. बाई तोलत होती, नवरा पिशवीत भरत होता. त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच होतं. तरी तो सराईतपणे पिशवीला गाठ मारत होता. पैसे देऊन मागे वळले तर पप्पा नाहीत. रस्त्यापलीकडे, एका मोबाइलच्या दुकानाच्या आडोशाला ते भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"काय झालं? चक्कर आली का?"

"घरी चल," एवढंच ते म्हणाले.

पण घरी पोचेपर्यंतही त्यांना दम धरवला नाही. वाटेत एका बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकापाशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी गाडी कडेला घेतली. तिथे, हॉर्न वाजवत जाणाऱ्या टेम्पोंच्या बाजूला उभं राहून त्यांनी सांगितलं.

शेंगा विकणारा तो माणूस पूर्वी त्यांच्या शिफ्टला पॉवर प्रेसवर होता. पत्र्याचे भाग ठोकून काढायचं मशीन. हात आत जाऊ नये म्हणून मशीनला पुढे जाळी असते. जाळी लावली की दर वेळी ती उघडा, बंद करा, काम हळू होतं. एकदा ऑर्डरची घाई होती आणि वरच्या साहेबांचा दट्ट्या होता. पप्पांनी त्याला सांगितलं, जाळी काढून ठेव, शिफ्ट सुटताना परत लावू. त्याने काढली. जेवणाच्या सुट्टीआधी त्याची तीन बोटं गेली.

"चौकशी झाली तेव्हा तो दवाखान्यात होता," पप्पा म्हणाले. "साहेबांनी मला विचारलं, जाळी कोणी काढली? मी म्हणालो, त्यानेच. मी त्याला दोनदा बजावलं होतं म्हणालो. तुझा नवरा तेव्हा मम्मीच्या पोटात होता. नोकरी जाईल असं वाटलं. पण ते कारण म्हणून सांगत नाही. तसं झालं, म्हणून सांगतोय."

"मग त्याचं काय झालं?"

"निष्काळजीपणा म्हणून कामावरून काढलं."

मी मनात आलं तेच विचारलं. "पण पप्पा, तुम्ही देवाला सांगितलंच असेल ना?"

"रोज सांगतो."

"मग तुमचा देव माफ करतो ना? तुम्हीच मुलांना शिकवायचात."

ते हसल्यासारखं करून म्हणाले, "त्या माणसाकडे जायची हिंमत नाही म्हणून मी देवाकडे जातो. देवाला हे कळत असेल की नाही? मला तर कळतं."

घरी गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून मम्मींना सांगितलं. मग मम्मी बाहेर आल्या आणि शेंगांची पिशवी माझ्या हातातून घेऊन सोलत बसल्या. डोळे पुसत होत्या. "एवढी वर्षं माझ्या शेजारी झोपला हा माणूस," असं म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या ते कळलं नाही.

दोन-चार दिवसांनी पप्पा पाळकसाहेबांकडे गेले. मला म्हणाले, तूही चल, तूच विचारलंस पहिल्यांदा. आमचे पाळक तरुण होते, माझ्याच वयाचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ते पाठीवर हात ठेवून, झालं गेलं विसरा म्हणतील. ते तसं म्हणाले नाहीत.

"काका, तुम्ही त्या माणसाला भेटा."

"त्याने माफ नाही केलं तर?"

"माफी मिळवायला जाऊ नका. खरं सांगायला जा. माफ करायचं की नाही ते त्याचं आहे."

"आणि प्रभुभोजन?"

पाळकसाहेब म्हणाले, "तुम्हाला असं वाटतंय का, की आपण आधी स्वच्छ व्हायचं आणि मग वेदीपाशी यायचं? तसं असतं तर मीच कठड्याच्या आत उभा राहू शकलो नसतो. तुमच्यासाठी ते कधी बंद नव्हतं, काका. तुम्हीच बसून राहिलात."

पप्पांनी त्यांचा हात धरून निरोप घेतला. पण बाहेर आल्यावर म्हणाले, "आधी त्याच्याकडे."

बाजारात चौकशी केल्यावर घर सापडलं. चामटोलीच्या बाजूला, नव्या इमारतींचं काम जिथे संपतं तिथून पुढे वावराच्या कडेला दोन खोल्यांचं स्लॅबचं घर. अंगणात ती बाई पाटीत शेंगा निवडत होती. तिचा नवरा दारात आला, क्षणभर पाहत राहिला, आणि त्याचा चेहरा एकदम खुलला.

"सायेब! तुमी? अगं खुर्ची आन, आमचे कंपनीतले सायेब हायेत!"

मला हे अपेक्षित नव्हतं. पप्पांनाही नसावं. आम्हाला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं गेलं, चहा आला. तो मला कौतुकाने सांगायला लागला, "लई कडक सायेब. पण मनाचा चांगला मानूस. मला दोन येला बोलले व्हते, जाली काडू नको. मीच ऐकला नाय. माजीच चूक." आणि त्याने तो हात वर करून दाखवला, एखादी जुनी गंमत दाखवावी तसा.

पप्पांनी कप खाली ठेवला.

"मी तसं बोललो नव्हतो," ते म्हणाले.

"बोललेलात सायेब. मला सगल्यांनी सांगितलं दवाखान्यात."

"सगळ्यांना मी सांगितलं होतं. ते खोटं होतं. जाळी काढ असं मी तुला सांगितलं. म्हणून तू काढलीस."

तो हसत होता तो तसाच राहिला. मग हसू हळूहळू गेलं. "नाय नाय," तो म्हणाला, "मी आपनहून..." आणि थांबला. तो जमिनीकडे बघत होता. तो आठवायचा प्रयत्न करत होता हे मला स्पष्ट दिसत होतं. इतकी वर्षं लोकांनी सांगितलेलं ऐकून ऐकून त्याला ते स्वतःलाच आठवत असल्यासारखं झालं होतं. आता त्याखालचं खरं काही हाताला लागतंय का, ते तो चाचपत होता.

"तुमी मशीनच्या त्या बाजूला उभं व्हतात," तो सावकाश म्हणाला. "हातात चहाचा गिलास व्हता."

"होय," पप्पा म्हणाले.

बोलली ती त्याची बायको. शेंगा तशाच टाकून ती उठून उभी राहिली होती. "मंग आमी काय म्हनून भोगलं?" ती म्हणाली. "याचा बाप मरंस्तवर याला बेफिकीर म्हनला. भाऊ याच्या हातात साधा कोयता देत नसं. पोरं झाली तर ह्यो त्यांना उचलून घेईना. माज्या हातून पडतील म्हने, माजा भरवसा नाय. आपल्याच पोरांना घाबरला ह्यो मानूस!"

पप्पा उभे राहिले. त्यांनी हात जोडले. "मी माफी मागायला आलोय," ते म्हणाले. तो माणूस उठला आणि घराच्या मागे निघून गेला. आम्ही वाट पाहिली. तो आला नाही. बाई म्हणाली, "आता जावा तुमी." आवाज चढवून नाही, दमून म्हणाली.

येताना गाडीवर माझं डोकं भणभणत होतं. हा माणूस काल सुखात होता. आज आम्ही जाऊन त्याला एक नवं दुःख देऊन आलो. आपलं ओझं उतरवायला दुसऱ्याच्या अंगणात जायचं, ही कसली रीत? मी पप्पांना तसं बोलूनही दाखवलं.

"माझं उतरलं नाही," मागून ते म्हणाले. "वाढलंय. मला तीन बोटंच माहीत होती. पोरांना उचललं नाही, ते मला माहीत नव्हतं."

पुढच्या प्रभुभोजनाला ते बाकावरच बसून राहिले. मी जवळ सरकले, पण या वेळी काही विचारलं नाही.

मग एका संध्याकाळी फोन आला. पत्ता विचारताना मीच माझा नंबर बाजारात ठेवला होता. तो माणूस म्हणाला, "सायेबांना सांगा, गावात या. मला एकट्याला सांगून काय उपयोग? माज्या भावासमोर सांगा. पोरांसमोर सांगा. सगल्यांना माज्याबद्दल जे वाटतं ते त्यांच्यासमोर मोडा."

पप्पांनी लगेच होकार दिला. मम्मी म्हणाल्या, मीही येणार. नवरा म्हणाला, लोक हात उगारतील. पप्पा म्हणाले, "उगारू देत." शेवटी आम्ही चौघंही गेलो.

गावातल्या मारुतीच्या देवळासमोर पार आहे. तिथे पंधरा-वीस माणसं जमली होती. त्याचा थोरला भाऊ पारावर, दोन तरणे मुलगे मोटारसायकलला टेकून, बायका थोड्या मागे. पप्पा मधे उभे राहिले. चर्चमध्ये इतकी वर्षं मनातल्या मनात म्हटलेली कबुली त्यांनी तिथे मोठ्याने दिली. फार लांबवलं नाही. जाळी मी काढायला सांगितली, नंतर खोटं बोललो, यांचं नाव खराब झालं ते माझ्यामुळे, यांच्या हातून कसलीही चूक झाली नव्हती. शेवटचं वाक्य ते दोनदा बोलले.

कोणीतरी शिवी दिली. एक मुलगा पुढे आला तसं त्याच्या आईने त्याचं मनगट धरलं. थोरला भाऊ बराच वेळ तंबाखू मळत बसला होता. तो म्हणाला, "आता सांगून काय करू आमी? बाप तर गेला. त्याला कोन सांगनार?" पप्पा म्हणाले, "त्यांना मी आता काही सांगू शकत नाही." मग भाऊ उठला आणि धाकट्या भावाच्या शेजारी जाऊन बसला. अगदी खेटून बसला. ते पाहून मागच्या बायकांतली एक रडायला लागली. मी वळून पाहिलं, मम्मीही रडत होत्या.

पप्पांनी त्या माणसाला विचारलं, "मला माफ करशील?"

तो विचारात पडला. मग म्हणाला, "सायेब, राग मला आता आलाय. तुमी आनलात. जरा ऱ्हाऊ द्या माज्याकडं. जाईल तेवा सांगीन."

"बरं," पप्पा म्हणाले.

त्यानंतरच्या प्रभुभोजनाला आमची रांग उठली आणि पप्पाही उठले. मम्मींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पटकन मान फिरवली. मी एकटीच बाकावर राहिले. कठड्यापाशी गुडघे टेकताना त्यांना बाजूच्या माणसाचा आधार घ्यावा लागला. म्हणजे गुडघेही खरोखर दुखत होते तर. पाळकसाहेबांनी त्यांच्या तळहातावर भाकर ठेवली तेव्हा ते लगेच खाईनात. नुसतेच तिच्याकडे बघत राहिले. पाळकसाहेब पुढच्या माणसाकडे न जाता तिथेच थांबले, पप्पा ती खाईपर्यंत.

मला नवल वाटत होतं. दुपारी ते गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते, तेव्हा मी विचारलंच. "त्याने तर अजून माफ केलेलं नाही. मग आज कसे गेलात?"

"मी इतकी वर्षं वाट बघत होतो की लायक झालो की जाईन," ते म्हणाले. "पारावर उभा राहिलो, आणि तो भाऊ म्हणाला ना, बापाला कोण सांगणार, तेव्हा कळलं की हे माझ्याने कधीच फिटणार नाही. जन्मभर केलं तरी नाही. मग दोनच गोष्टी उरतात. एकतर बसून राहायचं. नाहीतर तसंच, आहे तसं जाऊन हात पुढे करायचा." त्यांनी झारी खाली ठेवली. "आज दिलं बाई त्याने. मी काही नेलं नव्हतं, तरी दिलं."

ते देवाबद्दल बोलत होते. त्यांच्या देवाशी माझी तेवढी ओळख नव्हती. पण त्या दिवशी त्यांनी जेवताना दोनदा मागून वाढून घेतलं, आणि मम्मींशी मिठावरून भांडले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पावसाळा गेला. गणपतीनंतर एका सकाळी दारावरची बेल वाजली. तो माणूस आणि त्याची बायको. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, उल्हासनगरला कपडे घ्यायला निघाले होते. वाटेत अंबरनाथला उतरले. पप्पा लुंगीवर होते, गडबडून शर्ट शोधायला लागले.

"ऱ्हाऊ द्या सायेब," तो दारातूनच म्हणाला. "तुमी इचारलं व्हतं ना? ते सांगायला आलो. गेला राग. मंजे कंदी कंदी येतो, पन ऱ्हात नाय. माफ केला तुमाला."

पप्पा शर्ट हातात धरून उभेच राहिले. मग त्यांनी तो तोंडावर धरला. त्यांचे खांदे हलत होते. तो माणूस अवघडून माझ्याकडे बघायला लागला. त्याची बायको पुढे झाली, मम्मींना म्हणाली, "पानी द्या त्यांना," आणि स्वतःच आत जाऊन माठातलं पाणी घेऊन आली.

चहा झाला, रविवारचा उरलेला केक झाला. उठता उठता त्या बाईने विचारलं, "उल्लासनगरला दुकानदार लई फसवतात. तुमी येता का बरोबर?" मी येते म्हणाले. पप्पाही चपला घालायला लागले.

साड्यांच्या एका दुकानात, पांढऱ्या गादीवर आम्ही चौघं बसलो. म्हातारा सिंधी शेठ एकामागून एक साड्या उलगडत होता. "बोलो साईं, कौनसा रंग?" बाई प्रत्येक साडी खांद्यावर टाकून पप्पांना विचारायची, कशी दिसते? पप्पांना साड्यांतलं काही कळत नाही. ते दर वेळी, छान आहे, म्हणायचे आणि ती हसायची. शेठने दोघा पुरुषांकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, "आप लोग रिश्तेदार हो?"

पप्पा पुढ्यातल्या साडीची घडी घालायला लागले. तो माणूस आपल्या त्या हाताने एका शालूचा पदर चोळून बघत होता. मान वर न करता म्हणाला, "पुरानी पहचान है शेठ. अब भाव बराबर लगाव."